तीनशे आठ पुड्या

माझ्या नवऱ्यानं, अजिनाथनं, आमच्या लग्नाच्या तीन वर्षांत अकरा वेळा तंबाखू सोडली. दर वेळी एकदम. सगळ्यात लांब सोडणं एकोणीस दिवसांचं, सगळ्यात आखूड एका शिफ्टचं. सकाळी बसमध्ये चढताना सोडली आणि दुपारी उतरला तेव्हा तळहातावर चुना होता. हे आकडे त्याच्याकडं नाहीत. माझ्याकडं आहेत, कारण मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, आणि नऊ वर्षं स्टोअरच्या खिडकीत बसलं की माणसाला मोजल्याशिवाय राहवत नाही. हातमोजे, नट, तेलाचे डबे, शिवाय कोण आठवड्यात किती वेळा खोटं बोललं तेही.

त्यामुळं सासूबाईंची मिश्री सोडवायची वेळ आली तेव्हा मी डोळे झाकून ‘हळूहळू’च्या बाजूला उभी राहिले.

सासूबाई म्हणजे सुगंधाबाई. फर्दापूरच्या पलीकडचं गाव, जन्म गेला मेंढरांमागं. सासरे वारले, मेंढरं पुतण्यांकडं गेली, आणि दीड वर्षापूर्वी त्या रांजणगावच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्यासोबत एक पेटी आली, एक घोंगडं आलं आणि मिश्रीची डबी आली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, चाळायची आणि ती पूड बोटावर घेऊन हिरड्यांना घासत बसायचं. आत्याबाई दिवसातून सहा वेळा घासायच्या. कुणी विचारायच्या आधीच मी मोजलं होतं.

ऑक्टोबरअखेर त्यांची दाढ दुखली म्हणून दातांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मेघा मॅडमनी दाढ राहिली बाजूला, खालचा ओठ ओढून आत बॅटरी मारली. डाव्या हिरडीशेजारी बोराच्या बीएवढा पांढरा चट्टा होता.

“मावशी, मिश्री पूर्ण बंद. चार महिन्यांनी दाखवायला या. चट्टा तसाच राहिला किंवा वाढला, तर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.”

‘तुकडा’ शब्दावर आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांची जाऊ भामाबाई गावात आहे. तिचंही असंच चट्ट्यापासून सुरू झालं, आणि शेवटी जबडा काढावा लागला. आता ती पेज पिते आणि बोलते ते फक्त तिच्या नातीला कळतं. परतीच्या रिक्षात आत्याबाईंनी एवढंच विचारलं, “भामीचा बी आधी तुकडाच काढला होता ना?” मी म्हटलं, तसं नसतं. पण कसं असतं ते मला कुठं माहीत होतं.

घरी आल्यावर अजिनाथनं पाच मिनिटांत निकाल लावला. डबी उचलली, खिडकीतून मागच्या नाल्यात भिरकावली.

“झालं. सुटली. बये, मनाचा हिय्या करायचा असतोय. एकदम तोडायचं!”

हे बोलताना तो स्वतःची तंबाखू मळत होता.

आत्याबाई चार दिवस राहिल्या. पोट साफ नाही, डोकं ठणकतंय, भाकरी कडू लागतेय. तिसऱ्या दिवशी मी मिठाचा डबा जागेवर ठेवला नाही म्हणून रडल्या. चौथ्या दिवशी पेटीही न घेता फर्दापूरच्या एसटीत जाऊन बसल्या. त्या परत आल्या तेव्हा दवाखान्यात जाऊन महिना होत आला होता आणि पिशवीत दोन महिन्यांची बेगमी होती, घरी भाजलेली, झ्याक काळी मिश्री.

“आता ही बी फेक,” त्या लेकाला म्हणाल्या. “पुढच्या खेपंला पोतं आणते.”

मग मी मध्ये पडले. “अहो, तुम्ही बाजूला व्हा. तुमचा हिय्या अकरा वेळा बघितलाय.”

“अकरा?” अजिनाथ दचकला. “कोण मोजत बसलंय?”

कोण, ते त्याला माहीत होतंच.

माझी पद्धत सोपी होती. आत्याबाईंची पिशवी ताब्यात घेतली, वजन केलं. साडेसहाशे ग्रॅम. तपासणीला नव्वद दिवस होते. जुन्या कॅलेंडरचे चौकोन कापून दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. पहिले पंधरा दिवस रोज सहा, पुढचे पंधरा दिवस पाच, मग चार, असं उतरत शेवटच्या पंधरवड्यात एक. रोज सकाळी मी पुड्या देणार, आणि आदल्या दिवशीचे रिकामे कागद परत आल्याशिवाय नव्या पुड्या नाहीत. कारखान्यात आमचा हाच कायदा आहे, फाटका हातमोजा जमा करा आणि नवा न्या. एक वही केली. आत्याबाईंना सही येत नाही म्हणून रोज त्यांच्यासमोर मी टिंब काढायची, तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

“लई कडक हाय गं तू,” पहिल्या सकाळी त्या म्हणाल्या. “आमच्यात लांडग्यावर बी इतका पहारा नसतोय.”

“कागद नीट ठेवा. हरवला तर पुडी नाही.”

“आन् माझ्या समोर बसून बघणार हायस का, लावते का नाय ते?”

“तुम्हाला चालेल?”

“ह्यॅ! सुनंच्या तोंडापुढं थुंकत बसू का मी? तू जा कामाला. मी लावते निवांत.”

माझी बस आठ दहाला कोपऱ्यावर यायची. पावणेआठला उंबऱ्यात बसून हा कारभार उरकायचा. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं लागली. मग पाच. आत्याबाई एकेक कागद कंबरेच्या पिशवीतून काढायच्या, मांडीवर सरळ करायच्या, आणि प्रत्येक कागदामागं एक गोष्ट निघायची. रात्रीतून तीन कोकरं व्यालेली मेंढी, अंगावर धावून आलेलं अस्वल, वेरूळच्या उतारावर सासऱ्यांनी त्यांच्यावर रागावून फेकलेली काठी, जी पुढं आठ दिवस त्यांनाच शोधावी लागली. पुड्या कमी होत गेल्या तसा वेळ वाढत गेला. रोज तीन पुड्यांवर आलो तेव्हा बावीस मिनिटं लागत होती आणि मी बसमागं पळत होते. बसमधल्या बायका म्हणायच्या, प्रांजली, तुझ्या घरी रोज पूजा असती का?

मी खूश होते. वहीत सगळं जुळत होतं. आत्याबाईंची चिडचिड पहिल्या आठवड्यात झाली, नंतर ओसरली. पोट बिघडलं, पण एसटी गाठण्याइतकं नाही. घरात बडीशेप मात्र पूर्वीच्या चौपट संपायला लागली. त्याचा आळ मी अजिनाथवर घेतला आणि त्यानं तो नाकारला नाही, कारण त्या दिवसांत त्याचं बारावं सोडणं चालू होतं आणि तेवढंच पुण्य पदरात. कधीकधी मी संध्याकाळी यायची तेव्हा आत्याबाई गॅलरीत बसून हिरडीवर बोट फिरवत असायच्या. बोट मला कोरडं दिसायचं. वाटायचं, लावून झालं असेल.

“बघा,” मी अजिनाथला म्हणायची, “हळूहळू असं असतं. तुमच्यासारखं नाही, सकाळी देव आणि दुपारी दगड.”

“हळूहळू म्हंजी काय,” तो म्हणायचा, “रोज थोडं थोडं खायाला परवानगी. तूच चारतीस तिला. डाक्टरनं पूर्ण बंद सांगितलंय. चट्टा तसाच राहिला तर कुणाच्या वहीत लिवायचं?”

हे त्यानं एकदाच म्हटलं, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. पुड्या बांधताना हात अडायचा. एक पुडी म्हणजे किती चट्टा, असा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. तरी मी बांधत राहिले, कारण एसटीपेक्षा पुडी बरी.

त्र्याऐंशिव्या दिवशी रविवार होता. दळण न्यायचं म्हणून मी ज्वारीच्या कोठीत हात घातला. तळाशी पत्र्याला पत्रा लागला. ज्वारी बाजूला सारून ओढून काढला तर किलोभराचा जुना डबा. झाकण उघडलं. गळ्यापर्यंत मिश्री.

माझं डोकं फिरलं. एवढा साठा! मी इकडं मोजून देतेय आणि तिकडं कोठीत दुसरं दुकान चालू. फर्दापूरहून कुणी आणून दिली असेल, नाहीतर शेजारच्या चतुराबाईनं. नव्वद दिवसांतले त्र्याऐंशी दिवस गेले, सात दिवसांवर तपासणी, आणि ह्या बाईनं दिवसाला दहा-दहा वेळा लावली असेल.

आत्याबाई गॅलरीत लसूण सोलत होत्या. मी डबा त्यांच्यापुढं आदळला.

“हे काय आहे?”

त्यांनी डब्याकडं पाहिलं, मग लसणाकडं. “मिश्री.”

“ते दिसतंय मला! मी मूर्ख आहे का सकाळी सकाळी टिंबं काढत बसायला? कुणासाठी करतेय हे सगळं? तुमचा जबडा राहावा म्हणून ना? भामाबाईंसारखी पेज प्यायची हौस आहे तर तसं सांगा, मी करून देते!”

तोंडातून गेलं ते गेलं. आत्याबाईंच्या हातातला लसूण थांबला. अजिनाथ आतून म्हणाला, “प्रांजली!” त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

आत्याबाई रडल्या नाहीत. हात पदराला पुसले आणि डबा माझ्याकडं सरकवला.

“मोज,” म्हणाल्या.

“काय?”

“मोज की. मोजता येतं ना तुला? लई येतं. मंग मोज.”

मी रागारागानं स्वयंपाकघरातला काटा आणला. डब्याचं वजन वजा केलं. सहाशे दहा ग्रॅम. वही उघडली. पहिल्या पंधरवड्यात नव्वद पुड्या, मग पंचाहत्तर, साठ, पंचेचाळीस, तीस, आणि शेवटच्या आठ दिवसांच्या आठ. तीनशे आठ पुड्या. सहाशे सोळा ग्रॅम.

स्टोअरमध्ये माल कमी निघाला की माणसावर संशय घ्यायचा आणि जास्त निघाला की स्वतःच्या वहीवर. मी पुन्हा बेरीज केली. पुन्हा काटा पाहिला. चोरून आणलेला माल असा वहीतल्या आकड्याला चिकटून येत नाही. हा माझाच माल होता. मी दिला होता तो सगळा, फक्त सहा ग्रॅम सोडून.

नऊ वर्षं खिडकीत बसून मी हीच चूक करते, हे मला तेव्हा कळलं. माल दिला की वापरला, असं धरायचं. पुढं त्याचं काय झालं ते बघायला खिडकीतून कोण उठतंय?

“सहा ग्रॅम कमी आहेत,” मी म्हटलं.

“पयल्या दिवशी तीन लावल्या,” आत्याबाई म्हणाल्या. “दुपारी भाकर खाल्ली, चौथी पुडी उघडली, आन् आरशात तो चट्टा दिसला. पुडी डब्यात रिकामी केली. तवापासून नाय.”

“एकदम?” अजिनाथ दारात आला होता. “म्हंजी एकदमच सोडलीस? मी म्हनलं तसं?”

“तू म्हनला तसं नाय रं. तू फेकली व्हतीस. फेकली की माणूस हुडकत फिरतंय. ही माझ्याजवळ व्हती.” त्यांनी डब्यावर हात ठेवला. “रोज तलफ यायची. पयल्या महिन्यात तर दिवसातून धा बार. कोठीत हात घालायची, डबा हाय का बघायची. हाय म्हनल्यावर बसायची बडीशेप चघळत. म्हनायची, उद्या लावू. हाय की.”

“मग मला का नाही सांगितलं?” मी विचारलं. “मी रविवारचे रविवार पुड्या बांधत होते. वेड्यासारखी.”

आत्याबाईंनी लसणाची पाकळी उचलली, नखानं सोलली. सावकाश.

“सांजच्याला वाड्यात घेताना मेंढरं मोजायची असत्यात. ते काम माझ्याकडं व्हतं. चाळीस वरसं. एक कमी आलं तर घास उतरायचा नाय, कंदील घिऊन पुन्हा रानात. हितं आले, तर कुणी कुणाला मोजत नाय. सकाळी तुम्ही दोघं जाता, सांजच्याला येता.” त्या थांबल्या. “तू मोजायला बसली, बरं वाटलं. सोडली म्हनून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू वही मिटून आठच्या बसला गेली असती.”

मी वही मिटली. बोलण्यासारखं होतं ते मघाशीच बोलून बसले होते.

“आन् तुझी बी काळजी व्हती,” त्या म्हणाल्या, आणि आता डोळ्यांत जरा चमक आली. “तुला बी कमी कमी करतच आणायचं व्हतं. साच्या पाच, पाचाच्या चार. एकदम तोडलं असतं तर तुला झेपलं नसतं, पोरी. नवऱ्याचं तंबाखू सोडणं मोजणारी बाई तू.”

अजिनाथ हसत सुटला, एवढा की त्याला ठसका लागला. मग मीही हसले, आणि हसता हसता आत्याबाईंच्या पायांशी बसून लसूण सोलायला लागले. भामाबाईंबद्दल बोलले त्याची माफी मागायची होती. त्यांनी मागू दिली नाही. “पाकळ्या बारीक हायत, नीट सोल,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजिनाथ माझ्यासमोर उभा. बारावं सोडणं कधीच निकालात निघालं होतं.

“मला बी पुड्या बांध,” तो म्हणाला. “हळूहळू जमतंय का बघतो.”

“त्याला नको दिऊस,” आत्याबाई आतून ओरडल्या. “त्याची पिशवी त्याच्याच खिशात राहू दे. आन् रोज सांजच्याला इचार त्याला. रागावून नाय. जेवलास का इचारतात तसं.”

मी तसंच विचारते. सहाव्या दिवशीही त्यानं “नाय खाल्ली” असं सांगितलं. खरं किती, ते मी तपासलेलं नाही. माझ्यासाठी ही गोष्ट सोपी नव्हती.

तपासणीच्या दिवशी मी रजा टाकली. दवाखान्याच्या बाकावर दीड तास बसलो. आत्याबाई नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. समोरून कापसाचे बोळे तोंडात धरलेली माणसं जात होती आणि त्या प्रत्येकाच्या जबड्याकडं बघत होत्या. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यांच्या पहिल्या बोटाचं टोक वर्षानुवर्षांच्या मिश्रीनं काळं पडलेलं; ते आता जरा उजळल्यासारखं वाटत होतं. की मला तसं वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे.

मेघा मॅडमनी बॅटरी मारली. ओठ ओढला. आरसा आत घातला, पुन्हा घातला. मग जुना कागद काढून त्यावरचं माप पाहिलं. मी श्वास धरून होते, आणि पहिल्यांदाच किती वेळ धरला ते मोजलं नाही.

“चांगलाच कमी झालाय,” मॅडम म्हणाल्या. “एका कडेला पुसट रेघ आहे, बाकी गेलाय. तुकडा काढायची आज गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. मावशी, कशी सोडलीत?”

“म्या कुठं सोडली?” आत्याबाई म्हणाल्या. “सुनंनं सोडवली. पुड्या बांधून द्यायची. साच्या पाच, पाचाच्या चार. लई हुशार हाय.”

“नाही मॅडम,” मी म्हटलं, “यांनी पहिल्याच दिवशी सोडली. पुड्या नुसत्या घेत होत्या. एकही लावली नाही.”

“तीन लावल्या!” आत्याबाई म्हणाल्या. “खोटं कशापायी बोलतीस? आन् पुड्या नसत्या तर जमलं असतं का?”

“जमलंच की! पुड्यांचा काही संबंधच नव्हता.”

“व्हता!”

मॅडमनी पेन थांबवलं. “तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना? हळूहळू लिहू की एकदम?”

आम्ही दोघी एकदमच बोललो आणि मॅडमना काहीच ऐकू आलं नाही. बाहेर रांग होती. त्यांनी कागदावर ‘मिश्री बंद’ लिहिलं, शेजारी तारीख टाकली आणि कागद माझ्या हातात दिला.

जिन्यापाशी आलो तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, “काय लिवलं?”

“मिश्री बंद. आजची तारीख.”

“आजची?” त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या. “म्हंजी मी आजच सोडली? काल सांजपातुर घासत बसले व्हते?”

“जाऊ द्या ना आत्याबाई. चट्टा गेला, तेवढं बास.”

“जाऊ द्या काय!”

आणि त्या वळल्या. रांगेतल्या माणसांना बाजूला सारत, पदर खोचत, सरळ मॅडमच्या टेबलापर्यंत. मी कागद घेऊन मागं.

“ओ मॅडम. त्ये खोडा.”

“काय झालं मावशी?”

“हळूहळू लिवा, एकदम लिवा, तुमच्या मनाला यील ते लिवा. सुनंचं नाव बी घाला. पर तारीख माझी लिवा. लई जड गेलीया मला ती.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग पेन उचललं आणि आजची तारीख खोडली. “बरं. सांगा. कुठली तारीख?”

माझ्या जिभेवर आली होती. दिवस, महिना, वार, सगळं पाठ.

“तू गप,” आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “मी सांगती. चंपासष्टीच्या आदल्या दिवशी. दुपारी. भाकर खाऊन झाल्यावर.”

मॅडमनी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं आणि चंपाषष्ठी शोधू लागल्या. आत्याबाई टेबलावर दोन्ही हात टेकून वाट बघत उभ्या राहिल्या. मी गप्प राहिले.